ओवा, लवंग, दालचिनीचे पान : तेलांच्या जिवाणुरोधक चाचणीच्या प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४

प्रकल्पाचा विषय आज विभागाच्या वहीत नोंदवला. ओवा, लवंग, दालचिनीची पाने आणि गवती चहा यांची सुगंधी तेले, तसेच हळद आणि लसूण यांचे अर्क जिवाणूंची वाढ कितपत रोखतात, हे तपासायचे आहे. विषय नवा नाही. विभागाच्या कपाटात मागच्या तुकड्यांचे याच धर्तीचे सात-आठ प्रबंध आहेत आणि बहुतेकांत तोच तक्ता आहे: डावीकडे वनस्पतीचे नाव, उजवीकडे प्रतिबंधाच्या वर्तुळाचा म्हणजे झोनचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि खाली अमुक वनस्पती सर्वांत प्रभावी ठरल्याचा निष्कर्ष. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते सगळे मला चाळायला लावले आणि विचारले, की एका प्रबंधात हळद निष्प्रभ आणि दुसऱ्यात उत्तम, जिवाणू मात्र तोच, हे कसे? मला उत्तर देता आले नाही. त्यामुळे आणखी एक क्रमवारी लावण्याऐवजी ही क्रमवारी चाचणीच्या पद्धतीप्रमाणे कशी बदलते, हे पाहण्याचे ठरले.

जिवाणू तीन घेतले आहेत: स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ई. कोलाय आणि स्युडोमोनास एरुजिनोसा. त्यांची तिन्ही कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जोपासलेले नमुने, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीव संग्रहातून विभागाने पूर्वीच आणलेली आहेत. स्लँटवरून, म्हणजे नळीतल्या माध्यमाच्या तिरक्या थरावरून, ताजी वाढ घेऊन ग्रॅम स्टेन केले, म्हणजे जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तिन्ही शुद्ध आहेत.

५ डिसेंबर

ओव्याचे ऊर्ध्वपातन झाले. बाजारातून आणलेला १०० ग्रॅम ओवा ऐन वेळी जाडसर भरडला, कारण आदल्या दिवशी भरडून ठेवलेल्या ओव्याचा वास खोलीभर पसरतो आणि तो वास म्हणजे उडून गेलेले तेलच असते. क्लेव्हेंजर यांनी १९२८ साली सुचवलेले काचेचे उपकरण अजूनही जवळपास त्याच रूपात वापरले जाते. फ्लास्कमध्ये पाणी आणि ओवा उकळतो, वाफ थंड होऊन अंश आखलेल्या नळीत उतरते, तेल वर तरंगत साचते आणि खालचे पाणी बाजूच्या नळीने पुन्हा फ्लास्कमध्ये जाते. तीन तासांत २.६ मिली तेल मिळाले. ओव्यात साधारण दोन ते चार टक्के तेल असते, तेव्हा हा उतारा ठीक आहे.

१० डिसेंबर

लवंगेने फजिती केली. लवंगेच्या कळीत पंधरा ते वीस टक्के तेल असते, म्हणून ५० ग्रॅम लवंगेतून किमान सात मिली तरी मिळेल असा हिशेब होता. चार तास उलटले तरी नळीत जेमतेम एक पातळ थर दिसत होता, आणि वास मात्र असा की बाहेरच्या व्हरांड्यात कुणाची तरी दाढ ठणकते आहे असे वाटावे. शेगडी वाढवली, थंड पाण्याचा प्रवाह तपासला, सांधे पाहिले, पण काही केल्या तेल वाढेना. शेवटी प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, "अहो, लवंगेचं तेल पाण्यात बुडतं." चूक माझीच होती. युजेनॉल हा या तेलाचा मुख्य घटक पाण्यापेक्षा जड आहे, त्यामुळे तेल तळाशी जाऊन परतीच्या नळीतून पाण्याबरोबर पुन्हा फ्लास्कमध्ये जात होते आणि चार तास तेच तेल गोल फिरत होते.

१२ डिसेंबर

रसायनशास्त्र विभागाकडून जड तेलांसाठीचे उपकरण मागून आणले. तेवढ्याच लवंगेतून ७.४ मिली तेल आले. दालचिनीच्या पानांचे तेलही याच उपकरणातून काढावे लागले, कारण सालीच्या तेलात मुख्यतः सिनॅमाल्डिहाइड असले तरी पानांच्या तेलात युजेनॉलच अधिक असते. बाजारात दोन्ही 'दालचिनी तेल' या एकाच नावाने विकली जातात. कपाटातल्या दोन प्रबंधांतही पान की साल याचा उल्लेख नाही, त्यामुळे त्यांचे आकडे माझ्या आकड्यांशी ताडून पाहता येणार नाहीत. पाने लांज्याच्या आत्याच्या बागेतली आहेत. ही झाडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'कोकण तेज' या वाणाची आहेत. पाने सावलीत वाळवून दोन खेपांत ३०० ग्रॅम वापरली. गवती चहाचे तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने पुन्हा पहिल्या उपकरणाकडे वळलो. अर्धा किलो ताज्या पातींतून जेमतेम पावणेदोन मिली तेल निघाले.

१७ डिसेंबर

पहिली चाचणी लावली. म्युलर-हिंटन अगार या जेलीसारख्या पोषक माध्यमाच्या प्लेटमध्ये थराची जाडी चार मिलिमीटर ठेवली, कल्चरची गढूळता ०.५ मॅकफार्लंड या मापाला, म्हणजे एका मिलीत सुमारे पंधरा कोटी पेशी इतकी जुळवली, आणि कापसाच्या स्वॅबने प्लेटवर सर्वत्र पसरून सहा मिलिमीटरचे वेल म्हणजे गोल खळगे पाडले. प्रत्येक तेल डीएमएसओ या द्रावकात दहा टक्के विरघळवून ५० मायक्रोलिटर भरले. एका प्लेटवर चार तेलांचे चार वेल, मधोमध निव्वळ डीएमएसओचा वेल, आणि वेगळ्या प्लेटवर जेंटामायसिन या प्रतिजैविकाची १० मायक्रोग्रॅमची कागदी डिस्क, अशी मांडणी केली.

१८ डिसेंबर

जेंटामायसिनचा झोन स्टॅफिलोकॉकसवर २३ मिलिमीटर आला. तो १९ ते २७ या मान्य मर्यादेत असल्यामुळे अगार आणि कल्चर दोन्ही ठीक असावेत. तेलांची प्लेट मात्र वाचण्यासारखीच नव्हती. ओव्याच्या बाजूची सगळी वाढ विरळ होती, लवंगेचा झोन गोल न राहता ओव्याच्या दिशेने ताणला गेला होता, आणि ज्या डीएमएसओभोवती काहीच दिसायला नको होते त्याच्याही ओव्याकडच्या अंगाला अर्धचंद्र उमटला होता. गेल्या वर्षीच्या एका प्रबंधातल्या फोटोत हाच अर्धचंद्र स्पष्ट दिसतो. तिथे त्याकडे कुणाचे लक्ष गेलेले नाही.

तेल केवळ अगारमधून झिरपत नाही. ते उडते, झाकणाखालच्या हवेत मिसळते आणि शेजारच्या वेलवर उतरते. प्रतिजैविकांच्या डिस्क एका प्लेटवर शेजारी-शेजारी ठेवण्याची आपली सवय तेलांना जशीच्या तशी लावली, की शेजाऱ्याचे श्रेय भलत्याच तेलाच्या खात्यात जमा होते. यापुढे एका प्लेटवर एकच तेल लावायचे.

२० डिसेंबर

वेगवेगळ्या प्लेटवरचे निकाल, स्टॅफिलोकॉकससाठी, तीन प्लेटची सरासरी: ओवा ३१, गवती चहा २६, लवंग १७ आणि दालचिनीचे पान १६ मिलिमीटर. ई. कोलायवर सगळेच आकडे थोडे उतरले, आणि स्युडोमोनासवर ओव्याच्या अंधुक आठ मिलिमीटरखेरीज काही दिसले नाही. डीएमएसओभोवती या वेळी पूर्ण वाढ आहे.

मागचे प्रबंध इथेच थांबले असते आणि ओवा पहिला, लवंग तिसरी असे लिहून मोकळे झाले असते.

३ जानेवारी २०२५

सुट्टीनंतर वाफेची चाचणी वाचली. कल्चर पसरलेली प्लेट उलटी ठेवून झाकणात कागदी डिस्कवर १० मायक्रोलिटर शुद्ध तेल सोडले होते आणि कडेने पॅराफिल्म ही हवाबंद करणारी लवचीक पट्टी गुंडाळली होती, म्हणजे तेलाचा अगारला कुठेही स्पर्श नव्हता. ओव्याच्या प्लेटवर स्टॅफिलोकॉकसची एकही वसाहत नाही. गवती चहाच्या प्लेटवर मध्यभागी मोठे मोकळे वर्तुळ आहे. लवंग आणि दालचिनीच्या पानाखाली वाढ फक्त थोडी पातळ झाली आहे, कारण युजेनॉल सावकाश उडते. याचा सरळ अर्थ असा, की २० डिसेंबरच्या आकड्यांत ओव्याला आणि गवती चहाला हवेतून येणारी जादा मदत मिळाली होती आणि लवंगेला ती मिळाली नव्हती.

आजीला फोनवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी उगीच देत नसत. मला एवढ्या लवकर होकार देता आला नाही. निखाऱ्यावर टाकलेल्या ओव्याच्या धुरात तेलाच्या वाफेबरोबर जळलेल्या लाकडाचा आणि दाण्याचा धूरही असतो, खोली काही प्लेटसारखी बंद नसते, आणि तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांचा प्रश्न तर वेगळाच आहे. माझ्या प्लेटने एवढेच दाखवले आहे, की बंद जागेत ओव्याच्या तेलाची वाफ पुरेशी साचली तर हा एक जिवाणू वाढत नाही.

७ जानेवारी

हळद. सांगलीच्या हळकुंडांची पूड अल्कोहोलमध्ये दोन दिवस भिजवून अर्क काढला, अल्कोहोल उडवले आणि उरलेला चिकट भाग डीएमएसओमध्ये घेतला. अल्कोहोल पूर्ण उडवण्याचा आग्रह मॅडमचा होता. मी चाचणी म्हणून ९५ टक्के अल्कोहोल एकट्याचेच लावून पाहिले, तर त्यानेही आठ मिलिमीटरचे वर्तुळ दिले. आठ-नऊ मिलिमीटरच्या झोनवर उभारलेले वनस्पती-अर्कांचे किती निष्कर्ष प्रत्यक्षात द्रावकाचे असतील, हा प्रश्न मनात राहिला.

हळदीच्या वेलभोवती झोन नाही. मात्र वेलच्या कडेला दाट पिवळी कड आहे आणि तिच्यापुढे पिवळेपणा अजिबात नाही. करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि अगार म्हणजे बहुतांशी पाणीच, त्यामुळे अर्क जिथे ओतला तिथेच बसून राहिला आणि जिवाणूंपर्यंत पोहोचलाच नाही. ही प्लेट पाहून 'हळद निष्प्रभ' असे लिहिणे म्हणजे बंद दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत काम केले नाही म्हणून दोष देण्यासारखे आहे.

९ जानेवारी

हळदीचा तोच अर्क द्रव माध्यमात मिसळून पाहिला. पिवळ्या रंगामुळे गढूळता डोळ्यांनी कळत नाही, आणि वाढ दाखवणाऱ्या रेसाझुरिन या रंगद्रव्याचा निळ्याचा गुलाबी होणारा रंगही पिवळ्यात फसवा दिसतो, म्हणून प्रत्येक नळीतून थोडे घेऊन अगारवर वसाहती मोजल्या. अर्क असलेल्या नळीत स्टॅफिलोकॉकसच्या वसाहती स्पष्टपणे कमी आहेत. ई. कोलायवर फरक नगण्य आहे. २ डिसेंबरच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर आता मिळाले: एकाने प्लेटवर पाहिले होते, दुसऱ्याने नळीत.

१६ जानेवारी

लसणाचे काम एका दिवसात उरकले. कच्च्या लसणाचा ठेचून काढलेला रस स्टॅफिलोकॉकसवर २४ मिलिमीटरचा झोन देतो, तर आधी अख्ख्या पाकळ्या उकळून मग ठेचल्या तर काहीच देत नाही. कॅव्हलिटो आणि बेली यांनी १९४४ साली लसणातून वेगळे केलेले जिवाणुरोधक संयुग अॅलिसिन अख्ख्या पाकळीत तयार नसतेच. पाकळी चिरली-ठेचली की अॅलिनेज हे विकर पाकळीतल्याच अॅलिनच्या संपर्कात येते आणि तेव्हा ते बनते. उष्णतेने विकर गेले की पुढचे सगळे थांबते. आठवडाभर बाहेर ठेवलेल्या रसाचा झोन बराच आक्रसला आहे, त्यामुळे लसणाच्या बाटलीवर तारखेबरोबर वेळही लिहायला हवी.

२२ जानेवारी

आता किमान प्रतिबंधक संहतीची चाचणी, म्हणजे तेल द्रव माध्यमात निम्म्या-निम्म्याने पातळ करत नेऊन ज्या सर्वांत कमी प्रमाणात वाढ थांबते ते प्रमाण शोधणे. ९६ वेलच्या प्लेटमध्ये दोन टक्क्यांपासून सुरुवात केली. तेल पाण्यावर तरंगू नये म्हणून माध्यमात ०.१५ टक्के अगार घातले. ट्वीन-८० हे तेल पाण्यात मिसळवणारे द्रव्य घालण्याचा नेहमीचा उपाय टाळला, कारण तेलाचे थेंब ते स्वतःत धरून ठेवते आणि तेलाचा परिणाम कमी दिसू शकतो. डिसेंबरच्या अर्धचंद्रातून शिकून दोन तेलांमध्ये रिकाम्या रांगा सोडल्या आणि प्लेट चिकटपट्टीने बंद केली.

निकाल चक्रावून टाकणारा आहे. लवंग स्टॅफिलोकॉकसला ०.१२५ टक्क्याला थांबवते आणि प्लेटवर पहिला आलेला ओवा मात्र ०.२५ टक्क्याला. वाफेचा वाटा वजा केला तरी ओवा लवंगेच्या मागे पडावा, हे पटत नाही.

२४ जानेवारी

चाचणी पुन्हा लावली. ओवा पुन्हा ०.२५.

२७ जानेवारी

कारण बाटलीत सापडले. डिसेंबरअखेर सगळी तेले फ्रिजमध्ये ठेवली होती. आज ओव्याची बाटली उजेडात धरली, तर तळाशी साखरेच्या खड्यांसारखे स्वच्छ, लांबट स्फटिक आणि वर पातळ तेल. हेच ओव्याचे फूल, म्हणजे थायमॉल. त्याचा वितळणांक पन्नास अंश सेल्सियसच्या आसपास आहे, त्यामुळे थंडीत ते तेलातून बाहेर पडते. दोन्ही वेळा मी पिपेटने वरचा द्रव उचलत होतो, ज्यात मुख्यतः गॅमा-टर्पिनिन आणि पॅरा-सायमिन असतात, आणि ही दोन्ही एकेकटी जिवाणूंना फारसा त्रास देत नाहीत. ज्याची चाचणी करायची तोच घटक तळाशी सोडून मी वरच्या पाण्याची चव घेत बसलो होतो.

हे फूल काही नवलाचे नाही. पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा मोठ्या प्रमाणावर जर्मनीला जाई आणि तिथे त्यातून थायमॉल काढले जाई. त्याच काळात, १९०९ ते १९१४ या वर्षांत, अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत रॉकफेलर सॅनिटरी कमिशनने अंकुशकृमीवर लोकांना दिलेले औषध थायमॉलच होते. जंतांवर ओवा देणाऱ्या आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना या गोष्टीचे आश्चर्य वाटले नसते. दारातल्या कुंडीत भज्यांसाठी लावतात तो पानओवा मात्र वेगळ्याच कुळातला आहे. थायमॉल आणि त्याचा जुळा भाऊ कार्व्हाक्रॉल त्याच्याही पानांत असतात, म्हणून नाकाला तो ओवा वाटतो.

४ फेब्रुवारी

बाटली ५५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये सगळे स्फटिक विरघळेपर्यंत ठेवली, मग तेल घेतले. स्टॅफिलोकॉकसवर: ओवा ०.०६, गवती चहा ०.०६, लवंग ०.१२५, दालचिनीचे पान ०.१२५ टक्के. ई. कोलायवर: ओवा ०.०६, लवंग ०.१२५, दालचिनीचे पान आणि गवती चहा ०.२५. तीनदा लावूनही आकडे तेच आले.

प्लेटवर ओवा ३१ आणि लवंग १७ होती, जवळजवळ दुप्पट. द्रवात दोघांमध्ये एकाच पायरीचे अंतर आहे, आणि या पद्धतीत एक पायरी इकडे-तिकडे होणे ही चूक मानली जात नाही. म्हणजे दोन्ही तेले स्टॅफिलोकॉकसवर जवळपास सारखीच आहेत असे म्हणणे भाग आहे. थायमॉल आणि युजेनॉल ही दोन्ही फिनॉल कुळातली संयुगे पेशीच्या पटलात शिरून ते गळके करतात, आतले पोटॅशियम बाहेर झिरपते, पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपी घटते. काम सारख्याच प्रकारचे आहे, फक्त प्लेटवर एकाला पंख होते.

स्युडोमोनासला ओवा एक टक्क्याला थांबवतो आणि गवती चहा दोन टक्क्यांतही थांबवत नाही. स्युडोमोनास आणि ई. कोलाय यांसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातले लिपोपॉलिसॅकराइड तेलकट रेणूंना सहजी आत येऊ देत नाही, आणि स्युडोमोनासकडे त्यातूनही आत शिरलेले बाहेर फेकणारे पंप आहेत. 'नैसर्गिक' असणे म्हणजे सर्व जिवाणूंवर चालणे नव्हे, हे दाखवायला हा एकच जिवाणू पुरेसा आहे.

१८ फेब्रुवारी

दुधाचा प्रयोग मूळ आराखड्यात नव्हता. मॅडम म्हणाल्या, "लोक ही तेलं खाद्यपदार्थ टिकवायला सुचवतात ना? मग ब्रॉथ सोडा, दूध घ्या." तीन फ्लास्क घेतले: पोषक ब्रॉथ म्हणजे प्रयोगशाळेतले द्रव माध्यम, निर्जंतुक केलेले साय काढलेले दूध, आणि निर्जंतुक केलेले म्हशीचे दूध, ज्यात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. तिन्हींत स्टॅफिलोकॉकस सारख्याच संख्येने सोडला आणि ओव्याचे तेल ०.१ टक्का, म्हणजे ब्रॉथमध्ये वाढ थांबवायला लागते त्याहून जास्तच, घातले. तेलाविना तीन फ्लास्क तुलनेसाठी ठेवले.

२० फेब्रुवारी

काल चोवीस तासांनी पसरलेल्या प्लेटवरच्या वसाहती आज मोजल्या. ब्रॉथमध्ये एकही वसाहत नाही. साय काढलेल्या दुधात जिवाणू वाढले, पण तेल नसलेल्या फ्लास्कच्या तुलनेत साधारण हजारपट कमी. म्हशीच्या दुधात तेल असलेल्या आणि नसलेल्या फ्लास्कमध्ये डोळ्यांत भरावा असा फरक नाही. तेल साहजिकच स्निग्धांशात जाऊन मुरले आणि जिवाणू पाण्याच्या भागात निर्धास्त वाढले. साय काढलेल्या दुधातही ब्रॉथइतका परिणाम नाही, कारण दुधातली प्रथिनेही काही तेल धरून ठेवतात.

तेल वाढवून अर्धा टक्का केले तर काय होईल, असा प्रश्न चर्चेत आला. मामांनी ०.१ टक्क्याच्याच फ्लास्कचे झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, हे दूध औषधाच्या दुकानात ठेवा. प्रश्न तिथेच मिटला. लिंबाच्या पन्ह्यासारख्या बिनस्निग्ध पेयात किंवा पॅकिंगच्या आतल्या बंद हवेत वाफेच्या रूपाने हे तेल उपयोगी पडू शकेल. ३ जानेवारीची प्लेट तिकडेच बोट दाखवते, पण या सत्रात ते जमणार नाही.

२५ फेब्रुवारी

प्रबंधाचा मसुदा मॅडमना दिला. त्यात मिलिमीटरचा तक्ता आहे, पण त्याच पानावर शेजारी द्रवातले आकडे, वाफेचे निकाल आणि तेल कशातून काढले, द्रावक कोणता, बाटली कशी ठेवली होती, हे रकाने आहेत. क्रमवारीचा रकाना काढून टाकला.

कल्चर ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून टाकले आणि टेबल अल्कोहोलने पुसले. उरलेली तेले गडद काचेच्या बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवली. ओव्याच्या बाटलीवर पुढच्या तुकडीसाठी जाड अक्षरांत चिठ्ठी लावली आहे: "तळाशी स्फटिक आहेत. ५५ अंशांना पूर्ण विरघळवून मगच पिपेट घालावे."